माशांचं शिळं पाणी

बाल्कनीतल्या बादलीच्या तोंडाला आज सासूबाईंच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधलेला दिसला आणि मी थबकले. नळ आला की कालचं पाणी ओतून ताजं भरायचं, ही त्यांची जन्माची सवय. माशांसाठी मी साठवलेलं पाणीही त्या मायेनेच ओतून टाकत. "मुक्या जिवांना शिळं का द्यायचं गं?"

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आपल्याला राखतं, पण माशांना सोसत नाही. दिवसभरात ते उडून जातं, एवढंच मी सांगितलं होतं. कधीकधी नुसतं थांबणं हीसुद्धा माया असते, हे मला सांगता आलं नसतं. त्यांना ते कळलं होतं. सैल झालेली गाठ आवळायला मी हात पुढे केला, तर आतून त्या ओरडल्या, "अगं, ओतू नकोस! माशांचं आहे ते."