मद्रासमधला हीटर

मद्रासमध्ये कुणी मोटारीचा हीटर दुरुस्त करायला आणला, तर त्यात काहीतरी काळंबेरं असणारच. गिंडीतल्या माझ्या वर्कशॉपसमोर भर पावसात एका गृहस्थानं जुनी विलायती गाडी उभी केली. कपाळावर गंध, खांद्यावर उपरणं आणि बोलणं तंजावरकडचं मराठी.

"हीटरचा पंखा फिरत नाही," तो म्हणाला. "तेवढं पाहा. मागच्या सीटकडे जाऊ नका."

मागच्या काचांना आतून वर्तमानपत्रं लावली होती. मी पंख्याची मोटर सोडवून झिजलेले कार्बन बदलले. तेवढा वेळ तो मागच्या दाराला पाठ लावून उभा. चोरीचा माल निघाला तर मीही अडकणार, म्हणून शेवटी सरळच विचारलं, "मागे काय आहे?"

त्यानं दार थोडंसं उघडलं. आत आडव्या काठीवर ओलं लुगडं पसरलं होतं.

"अम्माचं सोवळं. पावसात वाळत नाही, आणि घरात पोरं शिवतात."

मला हसू आलं. मी इंजिन सुरू करून पंखा लावला, तसं लुगडं हललं. तो मात्र माझ्या तेलकट हातांकडे संशयानं बघत राहिला.

"पंख्याला तुम्ही शिवलात," तो म्हणाला. "वाऱ्याला तर नाही ना?"