आमच्या ओट्याचा खड्डा

लग्नानंतर माझी धाकटी बहीण ठाण्याला गेली आणि मी डोंबिवलीला. दोघींचे नवरे साधारण सारख्याच पगाराचे, दोघींची घरं दोन खोल्यांची. तिचा फ्रिज मला कधी खुपला नाही, पाटल्या खुपल्या नाहीत. खुपला तो तिच्या दारातला रस्ता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माजिवड्याच्या बाजूला तिच्या वसाहतीपुढे रुंद, काळाभोर डांबरी रस्ता झाला. दोन्ही बाजूंना फुटपाथ, फुटपाथवर बसायला बाकं. त्याच सुमारास आमच्याकडे एक पाटी लागली, रस्ता मंजूर झाल्याची. पुढे ती पाटी पडली आणि कोणीतरी ती उचलून गटारावर आडवी टाकली. तेवढाच तिचा आम्हाला उपयोग झाला.

आमचे खड्डे आम्हीच भरायचो. गल्लीत कोणी मोरी फोडायला काढली की शेजारीपाजारी घमेली घेऊन हजर. फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे, सगळं खड्ड्यात जायचं. त्यावरून खड्ड्यांना नावंही पडली होती. कोपऱ्यावरचा मास्तरांच्या मोरीचा, त्याच्या पुढचा गिरणीवाल्यांच्या पायरीचा. आमचा कडप्प्याचा ओटा बदलला तेव्हा जुना फोडून आम्ही फाटकासमोरच्या खड्ड्यात घातला. तो आमच्या ओट्याचा खड्डा. मी तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे.

वडील गेल्यावर आईने सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने बहिणीकडे राहायचं ठरलं. थोरली म्हणून पहिली पाळी माझी. आईचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. ती आली त्या दिवशी रिक्षावाल्याने नाक्यावरच रिक्षा थांबवली.

"मावशी, आत नाय जानार. गेल्या टायमाला एक्सल तुटला माझा."

आई माझा हात धरून चालत आली. चार पावसाळ्यांत माती वाहून गेली होती आणि कडप्प्याच्या एका तुकड्याची धार वर आली होती. अगदी फाटकाशी आल्यावर तिचा पाय त्याच्यात अडकला. डॉक्टरांनी घोट्याला प्लास्टर घातलं.

बहीण दुसऱ्याच दिवशी आली. "ताई, आईला मी घेऊन जाते. आमच्याकडे रिक्षा दारापर्यंत येते." ती टोमणा मारत नव्हती, खरं तेच बोलत होती. म्हणून तर जास्त झोंबलं. आमच्या ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी आईला लाकडी खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत उचलून नेलं. मी मागून तिची पिशवी घेऊन चालत होते.

त्यानंतर मी ठाण्याला जायचे ती जळायलाच. आई संध्याकाळी काठी टेकत खाली उतरायची, बाकावर चार बायकांत बसायची. नवरात्रात बहीण तिला रिक्षाने टेंभी नाक्याच्या देवीला नेऊन आणायची. एकदा आम्ही तिघी त्या रस्त्याने चाललो होतो, तर बहीण हसायलाच लागली. "ताई, साडी सोड ना खाली. इथे चिखल नाहीये." सवयीने मी निऱ्या मुठीत धरून चालले होते. साडी सोडली, पण त्या दिवशी तिच्या हातचा चहासुद्धा मला गोड लागला नाही.

"तुझी पाळी राहिलीय माझ्याकडे," मी आईला दर वेळी आठवण करून द्यायचे.

"रस्ता झाला की येते हं," ती म्हणायची.

मग मी रस्त्याच्याच मागे लागले. गल्लीतल्या बायकांना घेऊन पालिकेत खेटे घातले. तिथला कारकून म्हणाला, "मंजूर आहे बाई, निधी नाही."

"मग ठाण्याला कुठून येतो?"

"ते जिल्ह्याचं ठिकाण. तिथे मंत्री येतात-जातात."

"आणि आमच्याकडे कोण येतं?"

"मतं मागायला येतात की," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

बाहेर येऊन आम्ही आधी ठाण्याच्या नावाने बोटं मोडली, मग कल्याणच्या. दोन्ही गावांची पालिका एकच, पण आलेला पैसा कल्याणातच जिरतो, यावर आमचं एकमत होतं. तिथेच आंबिवलीहून आलेली एक बाई बसली होती. ती म्हणाली, "तुमच्याकडे खड्डे तरी आहेत, आमच्याकडे रस्ताच नाही." मला तिचा रागच आला. गाऱ्हाण्यातसुद्धा कोणी आपल्या वरचढ ठरलेलं मला खपत नाही.

असे खेटे घालण्यात वर्षं गेली. शेवटी नव्वदच्या दशकात एका निवडणुकीच्या तोंडावर आमचं नशीब उघडलं. खोदाई करताना आमच्या ओट्याचे तुकडे निघाले, मुकादमाने ते बाजूला फेकले. वर खडी पडली, रोलर फिरला, डांबर झालं. डांबराचा वास घरात यायचा तरी मी खिडकी लावून घेत नव्हते. बहिणीला फोन केला आणि तिने काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की आमच्याकडेही आता रिक्षा दारापर्यंत येते.

आईला मी स्वतः जाऊन आणलं. नाक्यावरून रिक्षा आत वळली तेव्हा मी तिच्याकडे बघत होते. ती बाहेर बघत होती. फाटकाशी उतरताना तिने सवयीने माझा हात घट्ट धरला, खाली नीट बघितलं आणि मग पाऊल टाकलं.

आठवडाभर राहिली. मी रोज तिच्या आवडीचं काहीतरी करत होते. संध्याकाळ झाली की ती खिडकीशी जाऊन बसायची. आमच्या रस्त्याला फुटपाथ नव्हता, बाकं नव्हती, तिच्या ओळखीच्या बायका नव्हत्या. शनिवारी जेवताना ती म्हणाली, "रस्ता छान झाला गं तुमचा."

मी तिच्या पानात आणखी भाजी वाढली.

"आता परत जायला काही त्रास नाही," ती म्हणाली.

रविवारी रिक्षा फाटकाला लागली. आईला एक पाऊलसुद्धा जास्त चालावं लागलं नाही. रिक्षा कुठेही न आदळता नाक्यावरून वळून गेली. पूर्वी कोणी जायला निघालं की आम्ही नाक्यापर्यंत पोचवायला जायचो, तेवढं बोलणं व्हायचं. मी फाटक लावून आत आले.