पेपरात सुरू झालेली बस

नांदेडला विद्यापीठात मी दोन वर्षं संवाद हा विषय शिकले. त्या दोन वर्षांत माझ्याशी धड बोलल्या त्या फक्त मेसच्या मावशी. बाकी सगळे व्याख्यान देत होते.

विभागात एक कॅमेरा होता. तो कपाटात असायचा, कपाटाला कुलूप आणि किल्ली विभागप्रमुखांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, खिशात. त्यामुळं कॅमेरा आम्ही फळ्यावर शिकलो. सरांनी खडूनं कॅमेरा काढला, भागांना बाण काढून नावं दिली, आणि सातवीत बेडकाचं पोट उतरवून घेतलं होतं तसा आम्ही तो वहीत उतरवून घेतला. रेडिओसाठी स्टुडिओही होता. त्यात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते. सिद्धांतांना मात्र तोटा नव्हता. डावीकडं एक चौकोन, उजवीकडं एक चौकोन, मधे बाण. इकडचा बोलतो, तिकडचा ऐकतो. ऐकणाऱ्याकडून उलटा बाण आला की त्याला प्रत्याभरण म्हणायचं आणि पंधरा मार्क घ्यायचे. आमच्या गावच्या पारावर बसणाऱ्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, त्यांना कुणी मार्क दिले नाहीत एवढंच.

माझं गाव कंधार तालुक्यात. गावातली शाळा दहावीपर्यंत. पुढं शिकायचं तर कंधार, चौदा किलोमीटर, आणि त्यासाठी सकाळी सातची एकच बस. मी त्याच बसनं शिकले. आम्ही दोघी बहिणी. धाकटी अकरावी सायन्सला गेली, तिला पुढं लॅबचा कोर्स करायचा होता, आणि गणपतीच्या सुमारास डेपोनं ती बस बंद केली. विचारलं तर म्हणे गाडी शिल्लक नाही. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विषय दोन वाक्यांत संपवला. ‘बस न्हाई तर कालेज न्हाई. जीपच्या मागं लोंबकळत लेकरू धाडायचं न्हाई मला.’ दिवाळीपर्यंत वाट बघू, तोवर बस आली तर ठीक, नाहीतर नाव काढू, असं ठरलं.

मी थोरली आणि त्यात पत्रकारिता शिकणारी. बहिणीला वाटायचं, ताई काहीतरी करील. मलाही तसंच वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी केलंही. विभागाचा एक प्रायोगिक अंक निघायचा, आठ पानांचा, विद्यार्थ्यांनी काढलेला असा. मी त्यासाठी बसची बातमी लिहिली. फोनवरून गावातल्या सात मुलींशी बोलले, डेपोत फोन केला, सगळं पदरचं न घालता लिहिलं. सरांनी ती वाचली आणि म्हणाले, विषय चांगला आहे, पण सूर नकारात्मक आहे. आपण विकास पत्रकारिता शिकतोय. मग पहिल्या पानावर विभागात झालेल्या अतिथी व्याख्यानाची बातमी लागली, सरांच्या फोटोसह, आणि माझ्या सात मुली शेवटच्या पानावर चार ओळींत बसल्या. अंकाच्या पन्नास प्रती निघाल्या. त्यातल्या चाळीस तरी पुढं स्टुडिओतल्या गठ्ठ्यांवर जाऊन पडल्या. मला त्या माणसाचा असा राग आला होता की आठवडाभर त्यांच्या तासाला मी वहीच उघडली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

तिसऱ्या सत्रात महिनाभर एखाद्या वृत्तपत्रात काम करून यायचं आणि कात्रणांची फाइल करायची, असा नियम होता. मला लातूरचं एक दैनिक मिळालं. नांदेड जिल्ह्याची तालुक्यांची पानंही तिथंच लागायची. मी आत्याकडं राहिले. मनात म्हटलं, आता खरी पत्रकारिता बघायला मिळेल.

मिळाली. पहिल्याच दिवशी डेस्कप्रमुखांनी मला संगणकासमोर बसवलं आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रेस नोटा दाखवल्या. तालुक्याचं पान पेपर निघायच्या आदल्या दिवशी दुपारीच लागायचं, म्हणून कार्यक्रमवाले बातमी कार्यक्रमाच्याही आदल्या दिवशी पाठवायचे. उद्याचं उद्घाटन आज ‘उत्साहात संपन्न’ झालेलं असे. उद्याचे पाहुणे आज मार्गदर्शन करून गेलेले असत. सूत्रसंचालन झालेलं, आभार मानलेले, ग्रामस्थ मोठ्या संख्येनं उपस्थित राहिलेले. ज्या खुर्च्या अजून मंडपवाल्याच्या टेम्पोतून उतरायच्या होत्या, त्या भरून गेलेल्या. आम्ही ‘उद्या’ काढायचं, शीर्षक द्यायचं, नावांचा क्रम मानपानाप्रमाणं लावायचा आणि पान सोडायचं. मी विचारलं, कार्यक्रम झालाच नाही तर? डेस्कप्रमुखांनी माझ्याकडं वाट चुकून आलेल्या पाहुण्यासारखं बघितलं. म्हणाले, मॅडम, एवढे पाहुणे बोलावल्यावर न व्हायला काय झालं. मी हसले. रात्री आत्याला सांगताना तर मी त्या सगळ्यांची नक्कल करून दाखवली आणि आत्या पोट धरून हसली.

तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी आमच्या गावाचं नाव असलेली प्रेस नोट आली. तिकडच्या एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यानं पाठवलेली. पुढाऱ्यांच्या प्रयत्नांना यश येऊन सकाळची बस पुन्हा सुरू झाली, गावच्या फाट्यावर नारळ फोडून तिचं स्वागत करण्यात आलं. कार्यक्रम बुधवारी सकाळी होता. मी तिथूनच अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणाले, हाव, आमाला बी सांगावा आलाय, पोरी चालल्यात फाट्यावर. बहिणीनं फोन घेतला आणि नुसतीच हसत राहिली. मला फार आनंद झाला होता.

त्या आनंदात मी बातमी लिहिली. बाकीच्यांच्या बातम्या मी जशाच्या तशा सोडत होते, ही मात्र मन लावून लिहिली. मुलींच्या चेहऱ्यांवर समाधान आणलं. चालकाला टोपी आणि उपरणं दिलं, ते प्रेस नोटमध्ये नव्हतं. आणि शेवटी घातलं, ‘आता आमचे शिक्षण थांबणार नाही, अशी भावना एका विद्यार्थिनीने व्यक्त केली.’ ती विद्यार्थिनी माझी बहीण होती. ती उद्या असं म्हणणार याची मला खात्री होती. वर नाव नेहमीप्रमाणं ‘प्रतिनिधी’.

बुधवारी पान लागायच्या आत मी घरी एक फोन करायला हवा होता. एक मिनिटाचं काम. मी केला नाही, कारण तसं कुणी करत नव्हतं.

बुधवारी पुढारी आले नाहीत. त्यांना कुठल्याशा मयतीला भोकरकडं जावं लागलं. पुढारी नाहीत म्हणून डेपोनं बस सोडली नाही. पोरी साडेदहापर्यंत फाट्यावर उभ्या होत्या, अण्णाही सोबत होते, मग नारळ घेऊन सगळे घरी आले. गुरुवारी सकाळी पेपर गावात पोचला आणि त्यात बस सुरू झाली.

अण्णांचा छापील अक्षरावर फार विश्वास. त्यांनी बहिणीला तयार केलं आणि पेपर घडी करून खिशात घालून तिच्यासोबत फाट्यावर जाऊन थांबले. आदल्या दिवशी बस आली नव्हती हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी ते थांबले. म्हणाले, काल आमी माघारी आल्यावर आली आसंल.

शनिवारी अण्णा गावातली चार माणसं घेऊन डेपोत गेले. तिथल्या साहेबांनी टेबलावरच्या फाइलमधून माझ्या बातमीचं कात्रण काढलं. ते वर पाठवून झालं होतं. साहेब म्हणाले, ‘चालू झालेली बस पुन्हा चालू करा असा अर्ज मी वर कसा पाठवू? वरचे मलाच विचारतील, ही कोणती बस म्हणून.’ अण्णांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. एवढ्या शिकलेल्या माणसाचं काहीतरी बरोबर असेल, असा गोंधळ होता. ती बातमी कुणी लिहिली हे त्यांनी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मी डेस्कप्रमुखांकडं गेले आणि खुलासा छापा म्हणाले. त्यांना खुलासा या शब्दाचीच मौज वाटली. पुढच्या आठवड्यात त्याच पुढाऱ्याचा वाढदिवस होता आणि शुभेच्छांची दोन पानं ठरलेली होती. वर मला समजावलं, बस आज नाही तर उद्या सुरू होईलच, तेव्हा बातमी आपोआप खरी होईल. मी त्यांना तोंडावर काही बोलले असते. पण माझ्या प्रमाणपत्रावर त्यांची सही व्हायची होती. मी खाली येऊन चहा प्यायले आणि वर जाऊन पुढची नोट उघडली.

दिवाळी झाली, बस आली नाही. अण्णांनी कॉलेजात जाऊन बहिणीचं नाव काढून आणलं. पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी करू म्हणाले, आर्ट्सनं. बाहेरून सायन्स होत नाही हे बहिणीनं एकदाच सांगितलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावहून एक परीक्षक आले. आधी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, त्याची प्रेस नोट आमच्याच वर्गातल्या एकानं सकाळीच पाठवून ठेवली होती. मग त्यांनी कचोरी खात फायली चाळल्या. कात्रणाखाली कुणाचं काम ते कळावं म्हणून आपलं नाव लिहून ऑफिसचा शिक्का आणायचा असे, तसा मी आणला होता. बसच्या बातमीवर ते थांबले. विभागप्रमुखांना म्हणाले, बघा, याला म्हणतात विकास पत्रकारिता, आणि विभागप्रमुखांनी ती आपणच शिकवल्यासारखी मान हलवली. एक विद्यार्थिनी बोलते, त्या वाक्याखाली परीक्षकांनी लाल रेघ मारून ‘उत्तम’ लिहिलं. खरं सांगायला तोंड उघडायचं होतं तर त्या खोलीत उघडायला हवं होतं. मी धन्यवाद सर म्हणाले. ज्या लोकांना मी दोन वर्षं हसत आले, त्यांच्यात मी त्या दिवशी रीतसर पास झाले.

संक्रांतीला फाइल घेऊन घरी गेले, ती केवळ बॅगेत होती म्हणून. दुपारी मी अंघोळ करून आले तर बहीण ओसरीवर पाय पसरून ती वाचत बसली होती. बसच्या बातमीवर आली. खाली माझं नाव, शिक्का, लाल शाई. तिनं ते सगळं सावकाश वाचलं. मग त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं,

‘ताई, ही म्या हाय का?’

मी हो म्हणाले. तिनं मान हलवली आणि पुढं वाचलं. पानाच्या तळाशी मार्क होते, पंचवीसपैकी चोवीस.

‘एक कशाचा कापला?’

मी तिला बाजूची लाल ओळ दाखवली. परीक्षकांनी लिहिलं होतं, छायाचित्र जोडायला हवे होते.

तिनं ती ओळ वाचली. मग फाइल मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘मला सांगायचं की. म्या फाट्यावर हुबीच होते.’