रोमच्या फौजेतले गाडीवान

मला वाचवलं ते कळंबोलीच्या वजनकाट्यावरच्या काकांनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात काका तुम्हाला फारसे बरे वाटणार नाहीत. आम्हा ट्रेलरवाल्यांनाही कधी वाटले नाहीत.

गाडी काट्यावर चढली की काका खिडकीतून आधी टायरांकडं बघायचे, मग आमच्याकडं. "आले रोमन," म्हणायचे आणि पावती हातात न देता कट्ट्यावर टाकायचे. उडाली तर आपण धावायचं. मी एकदा विचारलं, काका, रोमन म्हणजे कोण?

"जिथं जातील तिथं रस्ता करनारे. रस्ता झाला का गाव संपला."

काका तळोज्याकडच्या खाडीकाठच्या गावातले. वडलांच्या भातखाचरांवर आता लोखंडाची गोदामं आहेत. मुलानं स्पर्धा परीक्षेचा नाद सोडला तेव्हा त्याची पुस्तकं यांनी काट्यावर आणली. बाकी पानं कोरी करकरीत, जर्मन टोळ्यांच्या धड्याची तेवढी बोटं लागून काळी झालेली. दोन हजार वर्षांमागं रोमनं ऱ्हाईन नदी ओलांडून त्यांचं जंगल घ्यायला सुरुवात केली. टोळीतलाच एक तरुण रोमच्या फौजेत तयार झाला, त्यांची भाषा शिकला, सेनापतीच्या शेजारी जेवायला बसू लागला. आणि मग त्यानंच तीन पलटणी अरुंद वाटेवर नेल्या. एका बाजूला दलदल, दुसऱ्या बाजूला डोंगर.

"लांबलचक रांग," काका हात पसरून सांगायचे. "पुढच्याला मागचा दिसत नाय. तिन्ही पलटनी खलास. परत रोम नदीपल्याड टिकला नाय."

त्या वेळी त्यांचा चेहरा असा व्हायचा की पावती घेऊन निघालेलं बरं. त्या तरुणाचं पुढं काय झालं, हे मात्र त्यांना विचारावं लागायचं. "घरच्यांनीच मारला. राजा व्हायला बघतो म्हनून. मंग शेकडो वर्षांनी त्याचा हा एवढा पुतळा केला, आनि त्याच्या नावावर पोरांना दुसऱ्यांचा राग करायला शिकवला." एवढं बोलून पुस्तक मिटायचे.

मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. मोठ्या आवाजात कोणी बोललं तरी माझा हात स्टिअरिंगवर घामेजतो. काकांचं गाव आमच्यावर खवळलं होतं ते उगाच नाही. आमच्या गाड्यांनी त्यांची पाण्याची लाइन दोनदा फोडली होती. बाया रिकामे हंडे घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या, तर आम्ही हॉर्न वाजवले. मीही वाजवला.

मग पुलाच्या कामासाठी मोठा रस्ता बंद झाला. लोखंडी पत्र्याच्या कॉइल लादलेले आठ ट्रेलर गावातून काढायचे ठरले. गाड्या आणि काटा दोन्हींचा मालक असलेला शेठ काकांना म्हणाला, "तुम्ही गावातले. पहिल्या गाडीत बसा. तुमचं तोंड बघून कोण अडवणार?"

काका लगेच हो म्हणाले. पहिली गाडी माझी.

केबिनमध्ये ते दाराला चिकटून बसले. मला भीती वाटली की बडबड सुटते. मी विचारलं, "काका, त्या तीन पलटणींत गाडीवान असतील ना? सामानाच्या गाड्या हाकणारे? त्यांचं काय झालं?"

"कसले गाडीवान?"

"एवढी फौज म्हणजे धान्य, तंबू. कोणीतरी हाकतच असेल. ते पण मेले का?"

काकांनी काच खाली केली, परत वर केली. "पुस्तकात नाय तसला काय."

"नसंल. पण असतीलच."

पुढं वळण होतं. डावीकडं खाजणाचा चिखल, उजवीकडं कापलेला डोंगर. अलीकडं गाड्या वळवता येतील एवढं मैदान.

"थांबव," काका म्हणाले.

"इथं? मागं सात गाड्या आहेत."

"थांबव बोलतो ना, भाड्या." मी ब्रेक मारला. ते माझ्याकडं न बघता बोलले, "वळनामागं दगड टाकलेत. मागनं डंपर आडवा लावनार. पोरांकडं सळया हायेत. सगळा मीच सांगितला त्यांना. पुस्तकात होता तसा." मग दार उघडून म्हणाले, "माघारी घे. सगळ्यांना घेऊन जा."

मागचे ड्रायव्हर शिव्या घालत होते. काका एकटे वळणाकडं चालत गेले. थोड्या वेळानं तिकडून ओरडा ऐकू आला. मी गाडी मागं घेत होतो. उतरून त्यांच्यामागं गेलो नाही, हेही लिहायला हवं.

सगळं बाहेर आल्यावर शेठनं त्यांना कटवाला म्हणून कामावरून काढलं, गावानं फितूर म्हणून. आमचे ड्रायव्हर अजून म्हणतात, "म्हातारा आपल्याला मारणार होता." खोटं नाही. मी एवढंच म्हणतो, मारलं नाही.

महिन्यानं त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी अर्धंच उघडलं. आत खाटेवर काका पाठ करून झोपलेले, खांद्याला पट्टा.

"कोन?"

"गाडीवान," मी म्हणालो.

ते वळले नाहीत. "रोमन हाय तो," भिंतीकडं बघत म्हणाले. "जा बोल त्याला."

काकू माझ्यामागं अंगणापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "गावात कोन बोलत नाय आमच्याशी. पोरीचं लगीन ठरलंय. मांडवाला कोन येल, काय म्हाईत."

तारीख अजून निघालेली नाही. पण ज्या दिवशी त्या अंगणात मांडव घालतील, त्या दिवशी मी गाडी उभी करून जाणार. खांब रोवीन, पाणी भरीन, पंगतीला वाढीन. काकांनी हाकललं तरी.