चप्पल विभागाची जबाबदारी

माझ्या नणंदेच्या होणाऱ्या सासऱ्यांचे बूट मी विकले, हे खरं आहे. पण मी सांगितलेल्या किमतीला, एक रुपयाही न सोडता विकले, हे आमच्या घरात कोणी सांगत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये नवीनच राहायला आलो होतो. सोसायटीचा पंप जळला आणि आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी बादलीतून चढायला लागलं. नवीन पंपासाठी दिवाळीच्या आधी जुन्या वस्तूंची विक्री करायची, ही कल्पना माझी. साफसफाईत घरोघरी काहीतरी निघतंच. साड्या, भांडी, टेबलफॅन हे विभाग बाकीच्या बायकांनी पटकावले आणि चपला माझ्या गळ्यात पडल्या. मी काही म्हणायच्या आत सेक्रेटरी दवेभाईंनी जिन्याखालच्या फळ्यावर माझं नाव लिहूनही टाकलं. (त्या फळ्यावर पाण्याची वेळ कधीच बरोबर नसायची. लोकांच्या घरच्या बातम्या मात्र अचूक!)

विक्रीच्याच दिवशी सोसायटीच्या ऑफिसात सत्यनारायण ठेवायची अक्कल दवेभाईंची. पूजा आत, विक्री बाहेर, आणि माझी सतरंजी बरोबर दाराशी. त्याच संध्याकाळी नणंदेला, शैलाला, बघायला मंडळी बोलवायची अक्कल सासूबाईंची. याआधी दोन स्थळं 'भाईंदर' ऐकूनच मागे फिरली होती. त्यामुळे हे स्थळ काही करून जमायलाच हवं, असं सासूबाईंनी मला आठवडाभर बजावलं होतं. जणू मीच स्थळं पळवून लावत होते.

त्या दिवशी दुपारी मी चहा प्यायला उठले. परत येऊन बघते तर सतरंजीच्या कडेला काळे चकचकीत बूट, एक सरळ, एक तिरका. दान करायचं तर नीट मांडून तरी ठेवावं! मी ते पदराने पुसले आणि पहिल्या रांगेत लावले. काशीमीऱ्याचा एक गॅरेजवाला आला, त्याने बूट घातले, दोन पावलं चालून बघितलं, पैसे दिले आणि गेला. दिवसभरात माझी एवढी चांगली विक्री झाली नव्हती. मी भांड्यांच्या विभागाकडे मुद्दाम बघून घेतलं.

थोड्या वेळाने ऑफिसातून सफारी घातलेले एक गृहस्थ प्रसादाचा द्रोण घेऊन बाहेर आले. पायात नुसते मोजे. सतरंजीवर वाकून काहीतरी शोधायला लागले.

"बघताय काय, घालून बघा," मी म्हटलं.

"नाही, इथे काळे बूट होते."

"काळे गेले. तपकिरी आहेत."

"गेले म्हणजे?"

"विकले. तुम्ही उशीर केलात."

"अहो, पण ते माझे होते."

"मनात ठरवून ठेवलं म्हणजे आपले होत नाहीत, काका. पैसे द्यावे लागतात."

ते पुन्हा सतरंजीवर वाकून शोधायला लागले. मी त्यांना गिऱ्हाईक समजून आमच्याच घरातल्या जुन्या सँडल पुढे केल्या. एकाचा पट्टा तुटका होता, तो खिळ्याने बसेल हेही प्रामाणिकपणे सांगितलं. अनवाणी माणूस काय करणार? त्यांनी पाकीट काढलं. मी सुटे मोजत होते, तेवढ्यात नवरा बाहेर आला.

"अगं, हे वर्तकसाहेब. मुलाचे वडील. जरा लवकर आले, म्हणून आधी दर्शनाला आणलं."

मला सांगायचं नाही का? दोन पावलांवर बायको बसली आहे, तिला एका शब्दाने सांगायचं नाही! पण चूक कोणाची, तर माझी. नवरा माझ्याकडे बघत होता, वर घरात सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, शैला रडत होती. दवेभाईंनी तत्परतेने फळ्यावर लिहिलं: 'चप्पल विभागात विक्रमी विक्री. वहिनींचे अभिनंदन. एका पाहुण्यांचे बूट सापडत नाहीत.' ते वर्तकसाहेबांनी मागून आलेल्या मुलासकट उभं राहून वाचलं.

नवरा रिक्षाने काशीमीऱ्यापर्यंत जाऊन आला. गॅरेजं सगळी सापडली, बूट नाही सापडले. वर्तकसाहेब तुटक्या पट्ट्याच्या सँडलमध्ये पाय ओढत चार मजले चढले, पोहे खाल्ले आणि जाताना सासूबाईंना म्हणाले, "मुलगी पसंत आहे. स्वभावाने वहिनींवर गेलेली नाही ना, तेवढं सांगा." सासूबाईंनी देवाची शपथ घेऊन सांगितलं, की नाही. एवढ्या उत्साहाने त्यांनी आयुष्यात दुसरी कुठली शपथ घेतली नसेल.

लग्न ठरलं. पंपही आला. त्याचं श्रेय कोणी दिलं नाही, ते सोडा. लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात वरपक्षाच्या स्वागताला मी उभी होते. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या. म्हटलं, माणसं हौशी दिसतात, केवढे आहेर आणलेत! मी हसून हात पुढे केले, तशा सगळ्यांनी पिशव्या छातीशी घट्ट धरल्या आणि अनवाणी आत गेले.