आमच्या घरातले स्वच्छ सिनेमे

माझ्या थोरल्या भावाचं ठाम मत आहे, की जगातला शेवटचा चांगला सिनेमा त्याला मिसरूड फुटायच्या आत निघाला. त्यानंतर जे निघालं ते वाया गेलेल्या लोकांनी वाया गेलेल्या लोकांसाठी काढलं. हे मत त्यानं सिनेमे पाहून बनवलंय असं कुणी समजू नये. गेल्या कित्येक वर्षांत त्यानं एकही सिनेमा जागेवरून न उठता पाहिलेला नाही. ही असली मतं त्याला रोज सकाळी मोबाइलवर येतात, गुलाबाच्या चित्रासकट.

गेल्या मे महिन्यात असाच एक मेसेज आला. आपल्या काळातले, लेकराबाळांना घेऊन बसावं असे स्वच्छ सिनेमे, वगैरे. त्यानं तो साऱ्या गणगोताला पुढं पाठवला. आमच्या आईलाही पाठवतो म्हणत होता, पण तिच्याकडं साधा बटनांचा फोन आहे. मी तेव्हा सुट्टीसाठी येडशीहून कळंबला, माहेरी गेले होते. पुण्याहून धाकट्या बहिणीची दोन पोरंही आली होती. बाहेर ऊन असं, की अंगणात चप्पल विसरली तर पाय घालवत नव्हता. पोरं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून पडायची. भावानं जाहीर केलं, की रोज दुपारी जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून एक जुना सिनेमा बघायचा. त्यानं संस्कार होतात.

खरं कारण वेगळं होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. भावाची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला वकिली शिकायला संभाजीनगरला जायचं होतं. हॉस्टेलवर राहून. भावाचं म्हणणं, कळंबला कॉलेज आहे, बी.ए. कर, तोवर स्थळ बघू. पोरगी रडत नव्हती, रुसत नव्हती. ती रोज मुद्दे मांडायची, आणि तिच्या बापाला मुद्द्यांची सवय नव्हती. शेवटी तो म्हणाला, "आधी आपला तो सिनेमा बघ सगळ्यांसंगं. मग बोलू." पोरगी म्हणाली, "बघते. पण मग खरंच बोलायचं, पप्पा." त्यानं मान हलवली. एका मुलीचं पुढचं शिक्षण एका सिनेमावर टांगून हा माणूस कूलरमध्ये पाणी ओतायला गेला.

'आपला तो सिनेमा' म्हणजे काय, ते सांगायला मला मागं जावं लागेल.

आमच्या वडिलांची, म्हणजे आबांची, कळंबच्या मोंढ्यात धान्याची अडत होती. सगळा गाव भाड्यानं व्हिडिओ आणायचा तेव्हा आबांनी स्वतःचं मशीन घेतलं. रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत अर्धी गल्ली बसायची. आणि मशीनला चिकटून, एक बोट बटनावर ठेवून, आबा बसायचे. कॅसेट आणली की आधी ते एकटे सगळी बघून घेत. चहापाणी द्यायला आई मागं बसलेली असे, तेवढीच तिची सोबत. मग रविवारी, नको ते यायच्या बरोबर आधी, आबा आम्हा पोरांना म्हणत, "पाणी आणा." आम्ही माठाकडं पळायचो. तेवढ्यात ते बटन दाबत. पडद्यावर पांढरे पट्टे यायचे, माणसं मुकाट्यानं लुटूलुटू पळायची, आणि आम्ही तांब्या घेऊन परत येईस्तोवर नायिका पुन्हा देवघरात उभी असायची. अख्ख्या गल्लीत आमच्याएवढं पाणी कुणी पीत नसेल.

आता गंमत अशी, की माझा भाऊ थोरला असला तरी पाणी आणायला सगळ्यांत पुढं तोच असायचा. आज्ञाधारक होता. त्यामुळं त्यानं आयुष्यात एकही जुना सिनेमा सबंध पाहिलेला नाही. स्वच्छ होतं ते आबांचं बोट. भावानं ते सर्टिफिकेट सिनेमांना देऊन टाकलं.

याचा निकाल पहिल्याच दुपारी लागला. टीव्हीवर यूट्यूब लावून सिनेमा सुरू झाला. आता पाणी आणा म्हणणारं कुणी नव्हतं आणि टीव्ही भिंतीएवढा. नायक सायकलवरून नायिकेच्या मागं लागला, तिची ओढणी ओढली, रस्ता अडवला, गाणं म्हटलं. भाऊ कौतुकानं हसत होता. भाची म्हणाली, "पप्पा, आमच्या कॉलेजात असं केलं तर पोलीस येतात." मग खलनायकाच्या अड्ड्यावर एक बाई नाचायला आली. तिच्या अंगावर कपड्यांपेक्षा टिकल्या जास्त होत्या. भाऊ गडबडीनं रिमोट शोधायला लागला. रिमोट त्याच्याच मांडीखाली होता. धाकट्या भाच्यानं विचारलं, "मामा, हिला थंडी नाही का वाजत?" वहिनी पदर तोंडाला लावून आत निघून गेली, ती हसायलाच गेली असणार.

दुसऱ्या दुपारी जत्रेत हरवलेली दोन भावंडं वीस वर्षं एकाच शहरात राहून एकमेकांना ओळखत नव्हती. पुण्याच्या पोरांनी विचारलं, यांचं आधार कार्ड नव्हतं का? भाऊ चिडला. तुम्हाला भावनाच नाहीत, म्हणाला. त्यानंतर मंदिरात दोघांचं रक्त एकाच बाटलीतून एकाच वेळी आईला द्यायचं काही तरी सुरू झालं, तेव्हा त्याचेही डोळे मिटायला लागले होते. आमरसाचा दोष म्हणू.

तरी त्याचा विश्वास हलला नाही. हे सगळे चुकून निवडले गेले, म्हणाला. आपला तो सिनेमा तसा नाही.

तो खरंच तसा नव्हता. त्याची कॅसेट आमच्या घरचीच होती. प्रत्येक सुट्टीत, प्रत्येक पाहुण्याला तो दाखवला जायचा. मोठं घर, तीन भाऊ, तीन सुना. मधली सून शिकलेली, तिला शाळेत नोकरी लागते. सासरे म्हणतात, आपल्या घरच्या सुना नोकरी करत नाहीत. ती कागद हातात घेऊन दारात उभी राहते. मग आबांचं "पाणी आणा." आम्ही परत येईपर्यंत ती पिशवी घेऊन पुन्हा दारात उभी, सासऱ्यांचे डोळे भरलेले, आणि सगळं घर अंगणात गाणं म्हणतंय. गाणं संपलं की आबा मशीन बंद करत. "संपला. उठा." आम्ही त्यातून घेतलं ते असं, की सून रुसून माहेरी गेली, चूक कळली, नोकरी सोडून परत आली. मीही तेच घेतलं. बारावीनंतर मला पुढं शिकायचं होतं तेव्हा आबा मला एवढंच म्हणाले होते, "त्या सिनेमातल्या सुनंनं काय केलं शेवटी?" त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. डी.एड. मी पुढं लेकराला कडेवर घेऊन केलं, आणि शाळेत शिकवायला लागले तेव्हाही वाटायचं, आपण त्या चांगल्या सुनेपेक्षा कुठं तरी कमी पडलो. अशी मी शहाणी.

तर तिसऱ्या दुपारी तो सिनेमा लागला. भाची पुढं मांडी घालून बसली, परीक्षेला बसावी तशी. आई नेहमी दुपारी आत पडायची, पण त्या दिवशी येऊन भिंतीला टेकून बसली. भाऊ दर पाच मिनिटांनी पोरीकडं बघत होता. "बघ, कसं बोलतेत मोठ्यांसंगं. बघ, आवाज हाय का वर." पोरगी बघत होती.

सून कागद घेऊन दारात आली. आणि यावेळी कुणी पाण्याला गेलं नाही.

ती बोलायला लागली. आवाज न चढवता बोलली. म्हणाली, तुमच्या घरात मला काही कमी नाही, पण मी इथं फक्त कुणाची तरी आहे. शाळेत मी माझ्या नावानं असेन. मग ती निघून गेली. माहेरी नव्हे, नोकरीच्या गावी. तिथं खोली घेतली, पोरांना शिकवलं, स्वतःची भाकरी स्वतः थापली. तांब्याभर पाणी आणण्याएवढाच भाग होता तो. मग एक दिवस सासरे एसटीतून उतरले, तिच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहिले, आणि त्यांनी हात जोडले.

हे आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. मी भावाकडं पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं.

"हे नव्हतं," तो म्हणाला. "हे यूट्यूबवाल्यांनी मधीच घुसडलंय."

"पप्पा, त्याच बाई हायत की," भाची म्हणाली. "तीच साडी."

"आजकाल कायबी बनवायलेत. मोबाइलवर मेलेली माणसं बोलायलीत. आपल्या कॅसेटीत हे नव्हतं. म्या शंभरदा बघितलाय."

त्यानं रिमोट उचलला आणि सिनेमा पुढं न्यायला लागला. ते एवढ्या सहज झालं, की त्याला स्वतःलाही कळलं नसावं.

"राहू दे तिथंच," आई म्हणाली.

आई फार बोलत नाही. आबा होते तेव्हा तर नव्हतीच बोलत. भावाचा हात थांबला.

"व्हतं कॅसेटीत," आई म्हणाली. "सगळं व्हतं. म्या बघितलेलं हाय त्यांच्यासंगं. तुमच्या आबांनी तुमाला दावलं न्हाय."

"कामून? ह्यात वंगाळ काय हाय?" भावानं विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

आई टीव्हीकडंच बघत म्हणाली, "ती कॅसेट आली त्याच साली मला बालवाडीवर बाई म्हनून बोलावणं आलं व्हतं. सातवी पास बाया गावात किती व्हत्या तवा. म्या त्यांना इचारलं. ते काय बोलले न्हाईत. दुसऱ्या दिशी सगळ्यांसमोर सिनेमा लावला आन् ही बोलायला लागली तसं बटन दाबलं. म्या समजले."

मला आईचा राग आला, हे मी लपवत नाही. एवढी वर्षं हिनं हे पोटात ठेवलं, माझ्या लग्नाच्या वेळीही ठेवलं. आणि आबांचा तर असा राग आला, की भिंतीवरचा त्यांचा हार घातलेला फोटो काढून उलटा ठेवावासा वाटला. आम्हाला वाटायचं, ते लेकरांना वाईट गोष्टींपासून जपतात. एक बाई पदर ढळू न देता दोन वाक्यं बोलली, तेवढं त्यांना नको होतं. टिकल्यावाल्या बायांसाठी आम्हाला पाण्याला पाठवायचे, तसंच हिच्यासाठीही.

"बाई," आई नातीला म्हणाली, "जरा मागं घे. ती दारात काय बोलली ते माझ्या नीट ध्यानात राहिलं न्हाय."

भाचीनं बापाच्या हातातून रिमोट घेतला. त्यानं तो दिला. सून पुन्हा दारात आली आणि पुन्हा बोलली. आई ऐकत होती. मग तिनं आणखी एकदा मागं घ्यायला सांगितलं. पुण्याची पोरं कंटाळून उठून गेली. गाण्यापर्यंत सिनेमा पोचला, आणि गाण्यानंतरही तो संपला नाही. सून सकाळी डबा घेऊन शाळेला निघते आणि सासरे दारापर्यंत सोडायला येतात, तिथं तो संपतो.

"आता बोलू," भाची म्हणाली.

भाऊ म्हणाला, "हॉस्टेलचं जेवण लई बेकार असतंय." मी त्याला आयुष्यभर ओळखते. तो हरला, की जेवणावर येतो.

पोरगी गेली संभाजीनगरला. मी पुढं दिवाळीला कळंबला गेले तर पुढच्या खोलीत मोंढ्यातली तीन-चार माणसं फराळाला बसली होती आणि भाऊ रंगात आला होता. जुने सिनेमे काय होते, सांगत होता. मुलीला बाहेर शिकायला पाठवायचं बळ आपल्याला एका जुन्या सिनेमानं दिलं. घरात सगळ्यांना सोबत बसवून आपणच तो दाखवला. तेव्हाची माणसं किती पुढचा विचार करायची. आणि हे संस्कार आबांचे. पाहुणे माना डोलावत होते. एकानं तर सिनेमाचं नाव मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

मी तोंड उघडणार होते. पण आई चकलीचं ताट घेऊन बाहेर आली, ताट मधे ठेवलं, आणि नेहमीसारखी आत न जाता तिथल्याच खुर्चीवर बसली. त्या खोलीत पाहुणे असताना तिला खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

"म्या काय म्हनले ते राहिलं की," ती भावाला म्हणाली. "ते बी सांग."

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी चकली घेतली. पाहुणे वाट बघत होते.

मग त्यानं, मान खाली घालून, बालवाडीपासून सांगायला सुरुवात केली.