जखमी जवान आणि चार खांदे

आमच्या घरातल्या पुरुषांचं हृदय लवकर बंद पडतं, असं डॉक्टरांनी मला माझे रिपोर्ट न उघडताच सांगितलं. माझ्याआधी त्यांच्याकडे माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, जायचा. त्यामुळे उघडून बघायची त्यांना गरज वाटली नसावी.

दादालाही त्यांनी चालायला सांगितलं होतं. दादा शिस्तीचा माणूस. त्याने त्याच संध्याकाळी पोपटी रंगाचे बूट आणले आणि ते सगळ्यांना दाखवत सोमवारपासून चालायला सुरुवात करतो असं घरात जाहीर केलं. रविवारी दुपारी जेवून जरा आडवा झाला, तो उठला नाही. बूट खोक्यातच राहिले. वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनीने ते खोकं माझ्या हातात दिलं.

"भावोजी, तुमच्याच मापाचे आहेत. वापरा. घरात असले की माझं लक्ष जातं."

मेलेल्या भावाचे बूट आणि जिवंत डॉक्टरांचा सल्ला, दोन्ही घेऊन मी घरी आलो. बायकोने, वैशालीने, दोन्ही नीट पाहिलं.

"तू एकटा चालायला जाणार नाहीस हं," ती म्हणाली. "तू कोपऱ्यावर जाशील, वडापाव खाशील आणि घाम पुसत परत येशील. तुला हाकणारा माणूस पाहिजे."

हाकणारा माणूस चारकोपच्या गार्डनमध्येच मिळाला. तिथे रोज सकाळी मिलिटरी पद्धतीचा व्यायाम चालायचा. घेणारे साळुंखे सर, साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले. मिशा अशा की त्यांच्यावर टॉवेल वाळत घालावा. बोलायचे मराठी, पण ऑर्डर हिंदीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "परब, मराठीत ऑर्डर दिली की माणूस चर्चा करतो." (ह्यावर मला थोडी चर्चा करायची होती. पण त्यांनी लगेच "दौड़ के चल" म्हटलं.)

पहिल्या दिवशी पुशअपसाठी मी जमिनीवर झोपलो आणि झोपलेलाच राहिलो. सर माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

"परब, ये क्या है?"

"सर, खाली आलोय. वर कसं जायचं ते बघतोय."

"दुश्मन इंतजार करेगा?"

मी म्हटलं, "सर, माझा दुश्मन आतच आहे. तो थांबलेलाच आहे." कोणी हसलं नाही. सगळ्यांचीच वयं आणि रिपोर्ट साधारण सारखे होते.

आता घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमचे बाबा. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनकी केली, दोघा मुलांना शिकवलं, आणि कधी कुणासमोर रडले नाहीत. दादा गेला तेव्हाही नाही. त्याला न्यायची वेळ आली तेव्हा ते खांदा द्यायला पुढे झाले. पण त्यांचे गुडघे गेलेले. नातेवाइकांनी त्यांना धरून वॉचमनच्या खुर्चीत बसवलं. "अण्णा, तुम्ही नको. तुम्ही बसा." ते बसले. आणि एका अर्थाने त्या दिवसापासून बसलेलेच होते. सकाळी उठले की गॅलरीतल्या खुर्चीत, दुसऱ्या मजल्यावरून रस्त्याकडे बघत. बोलणं जवळजवळ बंद. वैशालीने विचारलं, "बाबा, चहा?" तर मान. "अजून भात?" तर मान. कुठली मान होची आणि कुठली नाहीची, हे तिला कळायला लागलं होतं. मला नाही.

माझ्या हृदयाचं त्यांच्यापासून लपवायचं ठरलं. रोज सकाळी मी दादाचे बूट घालून "बाबा, दूध घेऊन येतो" म्हणून निघायचो आणि तासाभराने घामाघूम होऊन, चिखलाचे गुडघे घेऊन दुधाच्या पिशवीसकट परत यायचो. त्यांनी कधी विचारलं नाही. दूध आणणं आजकाल इतकं कठीण झालंय का, एवढं तरी ते विचारतील असं मला वाटायचं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सरांनी जाहीर केलं, "आज कॅज्युअल्टी ड्रिल." म्हणजे लढाईत जखमी झालेल्या जवानाला उचलून सुरक्षित जागी न्यायचं. आदल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला घरून चादर आणायला सांगितली होती. वैशालीने मला जुनी पांढरी दिली होती, फाटली तरी चालेल म्हणून. सरांनी दोन लांब बांबू काढले, त्यांना दोरीने आडव्या पट्ट्या बांधल्या, वर माझी चादर ताणली.

"जखमी कौन बनेगा?"

मी हात वर केला. महिनाभरात मला जमेल असा तो पहिलाच व्यायाम होता.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. आमच्याच बिल्डिंगमधला भावेश शहा हळूच म्हणाला, "सर, थोडा हलका जखमी नाही का?"

"युद्धात वजन बघून गोळी लागत नाही," सर म्हणाले. (मराठीत. म्हणजे ही ऑर्डर नव्हती, विचार होता.)

पण त्या दिवशी गार्डनच्या लॉनवर कुठल्याशा कार्यक्रमाचा मंडप पडला होता. खुर्च्या उतरत होत्या, माइकवाला हॅलो हॅलो करत होता. सरांनी एकदा मंडपाकडे पाहिलं आणि निर्णय घेतला. जखमीला बाहेर काढून सेक्टरच्या रस्त्याने गोल फिरवून आणायचं.

मी आडवा झालो. थंडी होती म्हणून फिलोमिनाबाईंनी त्यांची चादर माझ्यावर पांघरली. तीही पांढरी. फिलोमिनाबाई जवळच्या गावठाणातल्या, आमच्या तुकडीतल्या सगळ्यात काटक. व्यायामानंतर सगळ्यांना प्यायला त्या मातीच्या मडक्यातून नाचणीची आंबील आणायच्या. मागे ठेवलं तर मंडपवाले पितील म्हणून त्यांनी मडकं बरोबर घेतलं आणि त्या पुढे चालू लागल्या. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, म्हणून मी तोंडावर नॅपकिन ओढला.

चौघांनी मला हातांनी उचललं. दहा पावलांत भावेशचे हात सुटायला लागले.

"कंधे पे लो," सर म्हणाले. "और कोई आवाज नहीं. दुश्मन सुन रहा है."

तर अशी आमची तुकडी गार्डनच्या गेटबाहेर पडली. पुढे मडकं घेतलेल्या फिलोमिनाबाई. मागे चार खांद्यांवर बांबू, बांबूंवर पांढऱ्या चादरीखाली मी, तोंड झाकलेलं. त्यामागे पांढरे टी-शर्ट घातलेली दोन रांगांतली माणसं, दमल्यामुळे माना खाली आणि ऑर्डर असल्यामुळे गप्प. चादरीच्या टोकाला माझी पावलं तेवढी बाहेर आलेली.

मला खरंच काही कळलं नाही. वर्षभर मला नीट झोप नव्हती. रात्री छातीत जरा काही हललं की मी उठून बसायचो. इथे चार माणसं मला झुलवत नेत होती, ऊन कोवळं होतं, आणि हलायचं नाही अशी ऑर्डर होती. मला झोप लागली.

त्यामुळे पुढचं मला भावेशने सांगितलेलं. म्हणे, रिक्षा बाजूला थांबल्या. एका रिक्षावाल्याने हँडलवरचा हात काढून छातीला लावला. इडलीवाल्याने गाडीवरचं गाणं बंद केलं. भावेशच्या ते लक्षात आलं होतं. त्याने सरांना सांगायचाही प्रयत्न केला.

"सर, लोग गलत समझ रहे हैं..."

"आवाज नहीं."

आमच्या बिल्डिंगच्या गेटसमोर आल्यावर भावेशचा खांदा भरून आला. सरांनी तुकडी थांबवली. "कंधा बदलो."

बाबांनी वरून आधी नुसतीच कुणाचीतरी अंत्ययात्रा पाहिली होती. तेही हात जोडून उभे राहिले होते, असं वैशाली सांगते. मग त्यांना चादरीतून बाहेर आलेले पोपटी बूट दिसले.

ती आतून येऊन बघते तर खुर्ची रिकामी आणि दार उघडं. जो माणूस वर्षभर बाथरूमपर्यंत भिंतीला धरून जायचा, तो बनियन आणि लेंग्यावर, अनवाणी, दोन मजले उतरून गेटबाहेर पोचला होता. भावेश खांदा काढत होता, तिथे येऊन उभा राहिला आणि बांबू आपल्या खांद्यावर घेतला. भावेशला वाटलं, नवीन भरती आहे. तो म्हणाला, "घ्या अंकल, घ्या, थँक्यू," आणि कठड्यावर बसून खांदा चोळायला लागला.

तुकडी पुढे निघाली.

चाल बदलल्यामुळे असेल, मला जाग आली. नॅपकिन घसरला होता. माझ्या डोक्याशेजारी एक पांढरं डोकं हलत होतं. मानेमागची सुरकुती ओळखीची. कानावरचा जुना व्रण ओळखीचा. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी तोच व्रण बोटाने चाचपायचो.

त्या क्षणी माणसाने विचार करायला हवा. सत्तरी ओलांडलेला बाप दुसऱ्या मुलाला खांदा देतोय, असं त्याला वाटतंय, त्याला कसं सांगायचं, कुठल्या आवाजात सांगायचं. मी तसा काही विचार केला नाही. मी म्हणालो,

"बाबा, तुमचे गुडघे."

बाबांनी मान वळवली. आमची तोंडं हातभर अंतरावर होती. त्यांनी मला पाहिलं, आणि बांबू सोडून दिला.

एक खांदा गेला की बाकीच्या तिघांचं काय होतं, हे साळुंखे सरांच्या ड्रिलमध्ये नव्हतं. मी बाजूला कललो आणि चारकोपच्या काँक्रीटवर बरोबर माकडहाडावर उतरलो. पुढे चाललेल्या फिलोमिनाबाई दचकल्या, त्यांच्या हातचं मडकं सुटलं, आणि माझ्या बाजूलाच खळकन फुटलं. आता मात्र समोरच्या चाळीस खिडक्यांना काही शंका राहिली नाही.

बाबा रस्त्यावरच बसले. माझ्या पायांकडे बघत मालवणीत म्हणाले, "ह्ये दादाचे बूट. तुझ्या पायात कित्याक?"

"वहिनीने दिले, बाबा."

"माका वाटला, तूव गेलंस."

आणि ते रडायला लागले. दादा गेल्यापासूनचं सगळं. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे, नाचणीच्या आंबिलीत बसून. मला त्यांच्याजवळ सरकायचं होतं, पण माझं बूड जागचं हलत नव्हतं. मी हात लांब करून त्यांचा पाय तेवढा धरला. तुकडी भोवती उभी. काय करावं कोणालाच कळेना. शेवटी सरांनाही काही सुचलं नाही, तेव्हा ते हळूच म्हणाले, "सावधान." आणि सगळे, खिडक्यांतल्या दोघातिघांसकट, ताठ उभे राहिले.

मला हॉस्पिटलमध्ये न्यायला रिक्षा उपयोगाची नव्हती. मला बसताच येत नव्हतं. तेव्हा त्याच बांबूंवर, त्याच चादरीवर, मला पालथं घालून परत उचलण्यात आलं. ह्या वेळी सरांनी आवाजाची परवानगी दिली. पुढे फिलोमिनाबाई रिकाम्या हातांनी सगळ्या खिडक्यांना सांगत चालल्या, "जिता हाय तो, जिता हाय." मी विश्वास बसावा म्हणून अधूनमधून हात हलवत होतो. इडलीवाल्याने मला ओळख दिली, पण गाणं काही लगेच लावलं नाही.

माकडहाडाला बारीक तडा होता. डॉक्टर तेच, दादाचे. हसू दाबत म्हणाले, "हृदय मात्र चांगलं आहे हो तुमचं. एवढ्या प्रकारात बंद पडायला हवं होतं." बाबा शेजारच्या स्टुलावर बसले होते. वैशालीने आणलेला चहा त्यांनी मान न हलवता, तोंडाने मागून घेतला होता. डॉक्टर बाहेर गेल्यावर म्हणाले,

"दादा सांगान गेलो नाय. तू खंय जातंस तां सांगान जा."

"हो, बाबा."

"दूध म्हणान नको."

घरी आल्यावर मला पोटावर झोपवलं आणि वैशाली फोन घेऊन शेजारी बसली. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर पहिल्या मजल्यावरच्या कदमांनी मडकं फुटल्या फुटल्या माझ्या निधनाची बातमी टाकली होती. तिने एकेक वाचायला सुरुवात केली. हसतमुख. मनमिळाऊ. सर्वांच्या मदतीला धावणारे. (मी, धावणारा.) ज्या पाटलांशी माझं पार्किंगवरून दोन वर्षं बोलणं नव्हतं, त्यांनी माझा उल्लेख बिल्डिंगचा आधारस्तंभ असा केला होता. श्रद्धांजल्या खालीवर सरकवून संपेनात. आयुष्यात माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं, आणि मी ते उशीत तोंड खुपसून ऐकत होतो.

शेवटी सेक्रेटरींचा मेसेज होता. "श्री. सुनील परब जिवंत आहेत. सभासदांनी नोंद घ्यावी."

त्याला एकच अंगठा आला होता. तो मीच हॉस्पिटलमधून दिला होता.